पांढऱ्या पाण्याची तक्रार आणि सरकारी सुरक्षा क्लिनिक: तीन भेटींचा अनुभव

आमच्या तालुक्याच्या उपजिल्हा रुग्णालयात, बाह्यरुग्ण विभागाच्या लांबलचक व्हरांड्याच्या शेवटी, एक्स-रेच्या खोलीच्या अलीकडे एक दार आहे आणि त्यावर ‘सुरक्षा क्लिनिक’ अशी पाटी आहे. गेल्या वर्षभरात मी त्या दारातून तीनदा आत गेले. दोनदा स्वतःसाठी आणि एकदा सासूबाईंना घेऊन. तिन्ही वेळा केसपेपरवर तक्रार एकाच शब्दांत लिहिली गेली, ‘अंगावरून पांढरे जाणे’. पण सासूबाईंचे कारण माझ्या कारणाहून अगदी वेगळे निघाले आणि माझे कारणही पहिल्या भेटीत पुरते उलगडले नव्हते. सोनोग्राफी सेंटर आणि दातांचे दवाखाने यांच्याविषयी लोक भरभरून लिहितात, या सेवेविषयी कोणी लिहीत नाही, कारण मुळात तक्रारीचे नाव घेण्याचीच चोरी असते. रुग्णालयाचे आणि गावाचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. काही उणिवा सांगायच्या आहेत, आणि तिथल्या माणसांनी तर मला मनापासून मदत केलेली आहे.

सुरुवात दवाखान्यापासून झाली नाही, औषधाच्या दुकानापासून झाली, म्हणून आधी त्याबद्दल लिहिते. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, वय ४२. पाळी नियमित, दोन मुले, साखर किंवा रक्तदाब काही नाही. मागच्या पावसाळ्यात पातळ, राखाडीसर पांढरे पाणी जाऊ लागले आणि त्याला मासळीसारखा वास येऊ लागला. खाज नव्हती, आग नव्हती, दुखत तर काहीच नव्हते. वास पाळीच्या शेवटच्या दिवसांत आणि संबंधानंतर जास्त जाणवे. मी मनाशी निदान करून टाकले: पावसाळ्यात कपडे नीट वाळत नाहीत, दिवसभर वर्गावर उभे राहावे लागते, म्हणजे हा स्वच्छतेचा प्रश्न. त्यावर उपाय म्हणून गुलाबी रंगाच्या बाटलीतला एक ‘इंटिमेट वॉश’ घेतला. शंभर मिलिलिटरच्या त्या बाटलीला दोनशेच्या आसपास रुपये पडले. ‘पीएच संतुलित’, ‘दिवसभर ताजेपणा’ असे ठळक अक्षरांत आणि ‘केवळ बाह्य वापरासाठी’ असे अगदी बारीक अक्षरांत छापलेले होते. हे बारीक अक्षर मी बाटली संपल्यावर वाचले.

तोपर्यंत मी ते द्रावण रोज दोन वेळा आतपर्यंत वापरत होते. पहिले दोन-तीन दिवस गुलाबाचा वास येई, नंतर गुलाब आणि मासळी असा दोन्हींचा मिळून येऊ लागला. त्या उत्पादनाला मी पाचपैकी एक गुण देईन, आणि तोही बाटलीचे झाकण चांगले आहे म्हणून. बाहेरच्या त्वचेसाठी साधे पाणी पुरते, फार तर सौम्य साबण. आतल्या मार्गाला बाहेरून काही लागत नाही. हे वाक्य मला क्लिनिकच्या डॉक्टर मॅडमनी पुढे सांगितले, तेव्हा विज्ञान शिकवणाऱ्या बाईला ते आधी सुचायला हवे होते याची मला लाज वाटली. प्रजननाच्या वयात योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे जंतू मुक्कामाला असतात. तिथल्या पेशींतील ग्लायकोजेनपासून लॅक्टिक आम्ल तयार होते आणि आतला पीएच, म्हणजे आम्लता मोजण्याचा आकडा (जितका कमी, तितके आम्ल जास्त), साधारण ३.८ ते ४.५ इतका आम्लधर्मी राहतो. या आम्लामुळेच इतर जंतूंना तिथे पाय रोवता येत नाहीत. साबण, तुरटीचे पाणी, जंतुनाशक औषधाचे थेंब, पिचकारीने आत मारलेले पाणी, यांतले काहीही वापरले की राखण करणारे जंतूच धुऊन निघतात आणि ज्याचा त्रास आहे त्याला मोकळे रान मिळते. म्हणजे मी दुखण्याला दोनशे रुपयांचे खतपाणी घालत होते.

दुकानदाराने दुसऱ्या खेपेला वर्तमानपत्रात गुंडाळून चार गोळ्यांचे एक पाकीट पुढे केले. कशासाठी आहे, असे विचारल्यावर त्याने मान खाली घालूनच सांगितले, ‘मॅडम, हे सगळ्यावर चालतं.’ त्या उत्तराने मी सावध झाले. सगळ्यावर चालणारे औषध म्हणजे नेमके काय झाले आहे हे कोणी पाहिलेले नाही. पाकीट परत केले आणि आमच्या भागातल्या आशाताईंना विचारले. त्यांनी क्षणाचाही विचार न करता त्या व्हरांड्याच्या शेवटच्या दाराचा पत्ता दिला.

सुरक्षा क्लिनिक हे नाव राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, कार्यक्रमातले आहे. जननमार्गाचे संसर्ग आणि लैंगिक संबंधांतून होणारे संसर्ग या दोन्हींची तपासणी, औषधे आणि समुपदेशन तिथे होते. जिल्हा रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये आणि कित्येक उपजिल्हा रुग्णालये इथे अशी केंद्रे आहेत. महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क असल्यामुळे मला केसपेपरलाही पैसे पडले नाहीत. केसपेपरच्या खिडकीवर ‘काय होतंय?’ असे मोठ्याने विचारले जाते आणि मागे तीसजणांची रांग असते, एवढा एक अडथळा पार करावा लागतो. ‘बाईंच्या ओपीडीला जायचंय’ एवढे सांगितले तरी भागते, हे मला दुसऱ्या खेपेला कळले.

पहिल्या भेटीत आधी समुपदेशक ताईंच्या खोलीत बसावे लागले. दार बंद करून त्यांनी जे प्रश्न विचारले ते माझ्या आजवरच्या कुठल्याही खासगी डॉक्टरांनी विचारले नव्हते. पाणी कधीपासून जाते, रंग कसा, वास कसा, खाज आहे का, लघवीला जळजळ होते का, ओटीपोटात दुखते का, संबंधाच्या वेळी दुखते किंवा नंतर रक्त दिसते का, ताप येतो का, पाळी कधी आली, दिवस गेले असण्याची शक्यता आहे का, तांबी बसवलेली आहे का, यजमानांना काही त्रास आहे का, हल्ली कसल्या प्रतिजैविकांचा कोर्स झाला आहे का. शेवटचे दोन-तीन प्रश्न अवघड होते, पण विचारण्याची पद्धत अशी होती की जणू रेशनकार्डावरची माणसे मोजत आहेत. उत्तर देताना संकोच वाटला नाही. मधेच त्यांनी मला उलट विचारले, ‘नेहमीचं कसं असतं ते आधी सांगा, मगच बदललं काय ते कळेल.’

या प्रश्नावर मी अडखळले. नेहमीच्या पाण्याकडे मी कधी नीट पाहिलेच नव्हते. ताईंनी चित्रांची वही उघडून दाखवले की थोडे पाणी जाणे हा आजार नाही. पाळी सुरू असलेल्या बहुतेक स्त्रियांना रोज थोडे जातेच. महिन्याच्या मध्यावर, बीज बाहेर पडण्याच्या सुमारास, ते अंड्याच्या पांढऱ्यासारखे पारदर्शक आणि तार सुटणारे असते, त्यानंतर दाट आणि दुधाळ होते, गरोदरपणात वाढते, आणि कपड्यावर वाळल्यावर त्याचा फिकट पिवळा डाग दिसतो. त्याला उग्र वास नसतो, खाज नसते. आमच्याकडे अजून कित्येक जणी समजतात की हाडे झिजून त्यांचे पाणी अंगावरून जाते आणि म्हणून कंबर दुखते. माझ्या आईचीही तीच समजूत होती. कंबरदुखीची कारणे निराळी असतात, अशक्तपणा रक्त कमी असल्याने येतो, आणि हाडे काही या वाटेने जात नाहीत. ज्या नव्याने लग्न झालेल्या मुली या नेहमीच्या पाण्याला घाबरून गोळ्या खात सुटतात, त्यांच्यासाठी दार बंद करून मिळणारी ही पाच मिनिटेच पुरेशी आहेत.

आता प्रत्यक्ष तपासणीविषयी, कारण बहुतेकींचे पाय तिथेच अडतात. पडद्यामागे टेबल असते. सिस्टरनी स्पेक्युलम, म्हणजे आतले दिसावे म्हणून मार्ग उघडणारे साधन, कोमट पाण्यात बुडवून घेतला, त्यामुळे लोखंड गार लागले नाही. ‘लांब श्वास घ्या, पोट सैल सोडा’ असे त्या दोनदा म्हणाल्या. डॉक्टर मॅडम प्रत्येक गोष्ट करण्याआधी सांगत होत्या. दुखले नाही, दाब जाणवला, तोही मिनिट-दोन मिनिटे. त्यांनी पीएच तपासण्याची पट्टी मार्गाच्या बाजूच्या भिंतीला लावली आणि मला दाखवली. पिवळी पट्टी हिरवट झालेली होती, म्हणजे आम्ल कमी झालेले होते. मग कापसाच्या बोळ्यावर घेतलेल्या पाण्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा एक थेंब टाकला आणि त्याच क्षणी, ज्या वासाने मला तिथे आणले होते, तो त्या पडद्याआड सुटला. इतके दिवस ज्याची शरम वाटत होती ती गोष्ट रसायनशास्त्रातली एक साधी अभिक्रिया निघाली. अल्कली मिळाली की मासळीसारखा वास असलेली अमाइन वर्गाची संयुगे वायुरूपात बाहेर पडतात. वीर्य आणि पाळीचे रक्त आम्लधर्मी नसल्यामुळे वास नेमका त्याच वेळी का वाढत होता, त्याचेही उत्तर मिळाले.

त्याच बैठकीत गर्भाशयाच्या तोंडाला व्हिनेगरसारखे सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून, मिनिटभर थांबून, पांढरा चट्टा उमटतो का ते पाहिले. कर्करोगाच्या पूर्वावस्थेसाठीची ही तपासणी तिशीनंतरच्या स्त्रियांसाठी सरकारी कार्यक्रमातच आहे. माझ्यात चट्टा नव्हता. एचआयव्ही आणि सिफिलिससाठी रक्त देणार का, असेही विचारले; सक्ती नव्हती, मी दिले.

इथे पहिली उणीव आली. प्रयोगशाळेचे तंत्रज्ञ त्या दिवशी प्रशिक्षणाला गेले होते, त्यामुळे स्लाइड पाहता आली नाही. अशा वेळी ही केंद्रे लक्षणांच्या समूहावरून उपचार करतात आणि त्यासाठी रंगांनी ओळखली जाणारी औषधांची पाकिटे ठरलेली आहेत. योनीमार्गाच्या दाहासाठी दोन क्रमांकाचे हिरवे पाकीट असते. त्यात सेक्निडॅझोलच्या एकेक ग्रॅमच्या दोन गोळ्या आणि बुरशीवरच्या फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची एक गोळी असते. गर्भाशयाच्या तोंडातूनच पू येत असेल तर राखाडी पाकीट, आणि ओटीपोटात दुखत असेल, म्हणजे संसर्ग गर्भाशय आणि बीजनलिकांपर्यंत चढल्याची शंका असेल, तर चौदा दिवसांच्या औषधांचे पिवळे पाकीट. मला हिरवे मिळाले. सकाळच्या नाश्त्यानंतर गोळ्या घेतल्या. दिवसभर मळमळले आणि तोंडाला गंजलेल्या लोखंडासारखी चव राहिली, याची कल्पना ताईंनी आधीच दिली होती. सात दिवसांनी दाखवायला बोलावले होते. वास गेला होता, म्हणून मी गेले नाही. ही चूक माझी.

दोन महिन्यांनी, दिवाळीच्या सुट्टीत, तोच वास परत आला आणि मी दुसऱ्यांदा त्या दारातून आत गेले. या वेळी तंत्रज्ञ जागेवर होते. मी विज्ञान शिकवते हे केसपेपरवर वाचून त्यांनी स्लाइड बसवल्यावर मला सूक्ष्मदर्शकातून पाहू दिले. आठवीच्या वर्गाला मी दरवर्षी कांद्याच्या पापुद्र्याच्या पेशी दाखवते, त्यामुळे पेशीची कड कशी स्वच्छ दिसायला हवी हे डोळ्यांत बसलेले आहे. इथल्या मोठ्या सपाट पेशींना कडच दिसत नव्हती. रव्यात घोळवलेल्या वांग्याच्या कापांसारख्या त्या सगळ्या बाजूंनी बारीक जंतूंनी माखलेल्या होत्या. त्यांना ‘क्लू सेल’ म्हणतात. पातळ राखाडी पाणी, ४.५ च्या वर गेलेला पीएच, थेंब टाकताच सुटणारा वास आणि या पेशी, अशा चार खुणांपैकी तीन सापडल्या की बॅक्टेरियल व्हजायनोसिस असे निदान करतात. १९८३ पासून ही कसोटी वापरात आहे. हा बाहेरून आलेल्या एखाद्या रोगजंतूचा संसर्ग नसून आतल्या जंतूंचा तोल बिघडणे आहे, आणि तो अनेकींना काही महिन्यांत पुन्हा होतो. या वेळी मेट्रोनिडॅझोल ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, सात दिवस, असे लिहून मिळाले. यजमानांना त्रास नसल्यामुळे त्यांना औषध दिले नाही. गुलाबी बाटलीविषयी मी स्वतःहून सांगितले तेव्हा डॉक्टर मॅडम हसल्या नाहीत, कपाटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, ‘अशा पाच बाटल्या बायकांनी इथेच सोडून दिल्यात.’ दोन्ही खेपांत फरक एवढाच की पहिल्यांदा अंदाजाने दिलेले औषध दुसऱ्यांदा पाहून दिले.

पांढऱ्या पाण्याची तपासणी डोळ्यांनी का करावी लागते, ते सासूबाईंच्या वेळी अधिक पटले. त्या ६८ वर्षांच्या आहेत, पाळी जाऊन अठरा वर्षे झाली आहेत. मार्च महिन्यात त्यांनी रात्री झोप लागत नाही अशी तक्रार केली. तीन दिवस मी ती उन्हाळ्यावर ढकलली. चौथ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकघराचे दार लोटून घेतले आणि सांगितले की खाजेने जीव नकोसा झाला आहे. मी म्हटले, ‘आई, उद्या माझ्याबरोबर चला.’ त्यांचे उत्तर होते, ‘या वयात काय दाखवायचं आता?’ हे वाक्य त्या शेवटच्या दाराबाहेर बसलेल्या बहुतेक वयस्क बायकांच्या तोंडी असते.

सासूबाईंचे पाणी माझ्यासारखे पातळ नव्हते. दह्याच्या घट्ट कवड्यांसारखे होते, वास नव्हता, आणि त्वचा लाल होऊन चिरा पडल्या होत्या. चित्रांच्या वहीतले कॅन्डिडाचे, म्हणजे बुरशीच्या संसर्गाचे, चित्र अगदी तसेच आहे. हिरव्या पाकिटात फ्लुकोनॅझोल असतेच, तेव्हा ते पाकीट देऊन मोकळे होणे सोपे होते. डॉक्टर मॅडमनी ते दिले नाही. आधी त्यांनी सासूबाईंच्या पिशवीतली सगळी औषधे टेबलावर मांडायला लावली. साखरेसाठी त्या ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन बरीच वर्षे घेत होत्या, आणि जानेवारीत डापाग्लिफ्लोझिनची गोळी नव्याने सुरू झाली होती. या नव्या गोळीने जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकली जाते; साखर उतरते, हृदयाला आणि मूत्रपिंडाला फायदा होतो, पण बाहेरच्या भागाला सतत गोड लघवी लागत राहिल्याने बुरशीला आयते खाद्य मिळते. आणि फ्लुकोनॅझोलची गोळी ग्लिमेपिराइडचा परिणाम वाढवून साखर एकदम खाली आणू शकते. म्हणून पोटातून घ्यायच्या गोळीऐवजी क्लोट्रिमॅझोलच्या, योनीत ठेवायच्या, १०० मिलिग्रॅमच्या सहा गोळ्या आणि बाहेरून लावायला मलम दिले. साखरेची गोळी मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना हा कागद दाखवा, असे वेगळ्या चिठ्ठीवर लिहून दिले. ‘सगळ्यावर चालतं’ म्हणणाऱ्या दुकानदाराने त्याचे ते पाकीट सासूबाईंना दिले असते तर काय झाले असते, याचा विचार मी त्या दिवशी घरी जाईपर्यंत करत होते.

डॉक्टर मॅडमनी सासूबाईंना एक प्रश्न मात्र तीनदा विचारला: कधी लालसर, गुलाबी, तपकिरी डाग पडला होता का? पाळी गेल्यानंतर रक्ताचा एक थेंबही दिसला तरी तो नेहमीचा नाही, दुखत असो वा नसो, आणि आठवड्याच्या आत दाखवावे. बहुतेकींत कारण साधे निघते, इस्ट्रोजेन हे स्त्रीसंप्रेरक कमी झाल्याने आतले अस्तर पातळ पडलेले असते. पण गर्भाशयाच्या अस्तराचा किंवा गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोगही असाच सुरू होतो, म्हणून सोनोग्राफी आणि गरज पडल्यास तुकड्याची तपासणी करून मगच निश्चिंत व्हायचे. पाळी सुरू असलेल्या स्त्रीने संबंधानंतर दिसणारे रक्त आणि दुर्गंधीयुक्त, रक्तमिश्रित पाणी इतक्याच गंभीरपणे घ्यायचे असते.

रांगेत बसल्या बसल्या आणखी काही गोष्टी दिसल्या. एक सात महिन्यांची गरोदर मुलगी कपडे एकसारखे ओले होतात म्हणून आली होती. ताईंनी नाव-गाव विचारण्याआधी तिला चाकाच्या खुर्चीवर बसवून थेट प्रसूतिगृहाकडे पाठवले, कारण ते पांढरे पाणी नसून गर्भजल असू शकते आणि तिथे रांग लावायची नसते. रांग न लावण्याची आणखी कारणे त्यांच्या भिंतीवर लिहिलेली आहेत: ओटीपोटात जोराचे दुखणे आणि त्याबरोबर ताप, पाळी चुकलेली असताना एका बाजूला दुखणे किंवा चक्कर येणे, बाळंतपण किंवा गर्भपातानंतर ताप आणि घाणेरडा वास. हिरवट पिवळे, फेसाळ पाणी आणि जळजळ असेल तर ट्रायकोमोनास या सूक्ष्म परजीवीची शंका घेतात. तो संबंधांतून पसरतो, त्यामुळे यजमानांना काही लक्षण नसले तरी दोघांनी एकाच वेळी औषध घ्यावे लागते आणि ते संपेपर्यंत संबंध टाळावा लागतो. एकट्या बायकोने गोळ्या खाल्ल्या तर तोच त्रास पुन्हा येतो, मग ती औषधाला नावे ठेवते. लहान मुलीच्या कपड्यावर असे डाग दिसले तर घरगुती उपाय न करता तिला डॉक्टरांकडे आणावे, एवढी एक ओळ भिंतीवर वेगळ्या रंगात आहे.

या केंद्राच्या उणिवा आता सांगते. पाटी त्वचारोग विभागाला लागून आहे आणि शेजारच्या पाटीवर ‘गुप्तरोग’ हा शब्द आहे. ओळखीचे कोणी दिसले की बायका तोंड फिरवून एक्स-रेच्या रांगेत उभ्या राहतात. तपासणीचा पडदा एका बाजूने आखूड आहे, आणि बाहेर बसलेल्यांना आतले अर्धे बोलणे ऐकू येते. प्रयोगशाळा आठवड्याचे सगळे दिवस हजर नसते, आणि हजर असली तरी गोनोरिया आणि क्लॅमिडिया या संबंधांतून होणाऱ्या संसर्गांची जनुकीय तपासणी इथे होत नाही. हे दोन संसर्ग कित्येकींत काहीच लक्षण दाखवत नाहीत आणि नलिका बंद करून वंध्यत्वापर्यंत नेतात, तेव्हा केवळ लक्षणांवरून दिलेल्या पाकिटांतून ते निसटतात. दुसऱ्या बाजूने, स्लाइड न पाहता पाकीट दिले की गरज नसलेलीही औषधे पोटात जातात; माझे पहिले फ्लुकोनॅझोल तसेच गेले. वेळ सकाळची आहे, म्हणजे नोकरी करणाऱ्या बाईला अर्धी रजा टाकावी लागते.

तरीही मी या सेवेला पाचपैकी चार गुण देते, आणि त्यामागे माझा एक हिशेब आहे. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक किंवा लैंगिक आजारांपैकी एक तरी असल्याचे आढळले होते, आणि त्याआधी कधी अशी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया होत्या केवळ ८ टक्के. त्या अभ्यासातल्या निम्म्याच्या आसपास बायकांची काही तक्रारच नव्हती. पस्तीस वर्षांनी माझ्यासारखी शिकलेली, पगारदार बाई आधी गुलाबी बाटली विकत घेते आणि मग कुठे तपासणीच्या टेबलावर जाते. अडचण नुसत्या दवाखान्याच्या अंतराची नाही; आमच्या घरापासून तो रिक्षाने दहा मिनिटांवर आहे.

जाणार असाल तर काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. आदल्या दिवशीपासून आत काही धुऊ नये, मलम किंवा गोळी ठेवू नये आणि संबंध टाळावा, नाहीतर पीएच आणि स्लाइड दोन्ही फसतात. शक्यतो पाळी संपल्यावर जावे. मात्र रक्त अवेळी जात असेल तर त्यासाठी थांबू नये. चालू असलेली सगळी औषधे पिशवीत घालून न्यावीत, अगदी साखरेची आणि रक्तदाबाचीही. दिवस गेलेले असतील तर ते खिडकीवरच सांगावे, कारण औषधे बदलतात. जवळचे केंद्र कुठे आहे हे १०९७ या निःशुल्क क्रमांकावर विचारता येते. आमच्याकडे तंत्रज्ञ मंगळवारी आणि शुक्रवारी नक्की असतात, साडेदहाच्या आत स्लाइड दिली तर निकाल त्याच दिवशी हातात मिळतो.